एका ओळीत बसवलेलं सूत्र

डभोई
११ फेब्रुवारी २०२४

चि. उत्कर्षा,

तुझ्या बहिऱ्या काकाचा आशीर्वाद घे आणि आधी तो फोन बाजूला ठेव. परवा तू एवढी ओरडलीस, मला 'हॅलो' आणि 'काका' एवढंच ऐकू आलं. शेजारचे मात्र विचारायला आले, मास्तर, बडोद्याला कोणाचं काय झालं? तेव्हा आपलं जुनंच बरं. प्रोग्राम ईमेलने आणि बोलणं पत्राने.

तुझं काम झालंय. टाकीत आम्ल किती वेळात सोडायचं याचं तुझं ते चार ओळींचं सूत्र पाहिलं आणि मला आमची दहावी 'क' आठवली. पान भरून उत्तर, आणि वाचणाऱ्याने कपाळाला हात लावायचा. तुझं सूत्र बरोबर आहे गं, पण टाकीपुढे घामाघूम उभ्या असलेल्या माणसाने ते वाचायचं कसं? टी, टी खाली जे, ए, ए खाली दोन! त्याला वाटेल बालवाडीचा तक्ता टांगलाय.

आता ऐक. तुमच्या कॉम्प्युटरमधल्या त्या अक्षरगणित करणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे लायब्ररीची, एक मजा आहे, ती तुला इंजिनिअर करताना कोणी सांगितली नसणार. सूत्र तिच्या पोटात एका रूपात असतं आणि पडद्यावर किंवा कागदावर दिसतं ते निराळं. पोटातलं बाहेर कसं छापायचं हे ठरवणारा वेगळा भाग असतो. त्यालाही प्रिंटरच म्हणतात, फक्त त्याला शाई लागत नाही. त्याला आपण आपली रीत शिकवू शकतो. बेरीज अशी लिही, अपूर्णांक तसा लिही, या अक्षराऐवजी हा शब्द घाल. पोटातल्या सूत्राला धक्का लागत नाही, फक्त बाहेर जायचे कपडे बदलतात.

मी त्याला गुजराती शिकवलं. आता तो 'टी खाली जे'च्या जागी 'पाणी' छापतो, 'ए'च्या जागी 'ॲसिड', आणि बरोबरच्या चिन्हाअलीकडे स्वच्छ 'समय'. तुमचा ऑपरेटर कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःच हिशेब करील, तुला हाका मारणार नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत, सूत्र एका ओळीत बसवलंय! जन्मभर वर्गात मी हेच सांगत आलो की उत्तर एका ओळीत बसत नसेल तर ते उत्तर नव्हे, ती तक्रार. कसं बसवलं ते मात्र विचारू नकोस. मास्तराने सगळंच सांगितलं तर पोरं शिकणार कधी?

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातची सेव-उसळ खाल्ल्याला फार दिवस झाले, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाच.

तुझा
विश्वंभरकाका


हरणी, बडोदे
२० फेब्रुवारी २०२४

ती. काका,

तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, बडोद्यात सगळे जिवंत आहेत आणि आईने तुमच्यासाठी सेव आणून ठेवलीय. तुम्ही याल तेव्हा उसळ.

काका, कमाल केलीत! कागद छापला, लॅमिनेट केला आणि टाकीशेजारच्या बोर्डावर लावला. त्या टाकीवर धैर्यशील असतो. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, आमच्याच मागच्या सोसायटीत राहतो, कंपनीच्या बसला आम्ही एकाच कोपऱ्यावरून चढतो. घरी मराठी, शाळा सगळी गुजराती. आधी टाकीभोवतीचं पाणी एक अंशाने वरखाली झालं की तो जिना चढून माझ्या टेबलापाशी यायचा, "ताई, आता किती?" परवा त्याने तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "नंदेसरीच्या कारखान्यांत पहिल्यांदा कोणीतरी माणसाच्या भाषेत लिहिलं बघा." घरी जाऊन मोहनालाही सांगितलं म्हणे. मोहना म्हणजे त्याची बायको.

फत्तेसिंहरावसाहेब आमच्या उत्पादन विभागाचे मुख्य. ते कोणाला चांगलं म्हणत नाहीत. तेही थांबले आणि म्हणाले, "सरस, उत्कर्षाबेन." इथे मला तुमचं नाव घेता आलं नाही, काका. कारखान्याची कृती बाहेरच्या माणसाला दाखवली की त्याच दिवशी घरी बसवतात. मग मान डोलवली आणि सगळं श्रेय एकटीने खाल्लं. थोडं पोट दुखतंय. रागावू नका हं.

तुमची
उत्कर्षा


हरणी, बडोदे
१९ मे २०२४

ती. काका,

मी ठीक आहे, हे आधी वाचा. कारखान्यात अपघात झाला. धैर्यशील भाजला.

गुरुवारी दुपारची पाळी होती. टाकीत आम्ल सोडायचं ते नळ धरून, हळूहळू. टाकीभोवती पाणी फिरत असतं, ते तिला निववतं. पाणीच गरम असलं की टाकी निवत नाही, मग आम्ल आणखी सावकाश सोडावं लागतं. तेवढ्यासाठीच तर ते सूत्र. त्याने घाई केली. टाकी उसळली आणि झाकणाच्या कडेने वाफ आली ती त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर. तसाच उभा राहून त्याने नळ बंद केला आणि मगच मागे सरला. नाहीतर आणखी दोघंतिघं सापडली असती.

काल चौकशी समिती बसली. सूत्र माझं म्हणून मलाही बोलावलं. सगळ्यांसमोर कॉम्प्युटर उघडला. पडद्यावरचं सूत्र आणि बोर्डावरचा कागद शेजारी धरून पाहिला, अक्षर न् अक्षर तेच. मग त्या दिवशीचं पाण्याचं तापमान घातलं. उत्तर आलं पाच तास. धैर्यशीलने साडेतीन तासांत आम्ल संपवलं होतं. तो म्हणतो मी कागदाप्रमाणेच केलं. हे कसं शक्य आहे?

फत्तेसिंहरावांनी मला सरळ विचारलं, "सूत्रमां भूल छे?" मी म्हटलं, नाही, सूत्रात चूक नाही. "मग चूक माणसाची," ते म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. मी सही केली.

काका, मला त्याचा राग येतो. घरी लवकर जायचं असेल, किंवा कॅल्क्युलेटरवर एखादा आकडा चुकला असेल. चुकतं माणसाचं! मग कबूल करायला काय जातं? पण दवाखान्यात पडल्या पडल्या एकच धरून बसलाय, मी बरोबर केलं. राग येतो, मग त्याचा तो हात डोळ्यांपुढे येतो आणि माझीच मला लाज वाटते. आई म्हणते दोन घास खा.

उत्कर्षा


डभोई
२३ मे २०२४

चि. उत्कर्षा,

पत्र पोचलं. धैर्यशीलच्या तब्येतीचं सविस्तर कळव. बोटं हलतात का ते विचार.

मला दोन गोष्टी हव्यात. त्या दिवशी पाणी नेमकं किती गरम होतं? आणि बोर्डावरच्या त्या कागदाची झेरॉक्स. कागदाची, कॉम्प्युटरमधल्या फाइलची नको. का ते विचारू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हाताऱ्या मास्तराला काहीतरी उद्योग नको का?

आणि त्या माणसावर रागावू नकोस. एवढं माझं ऐक.

काका


हरणी, बडोदे
२७ मे २०२४

ती. काका,

इथे माणूस होरपळलाय आणि तुम्हाला उद्योग हवाय. माफ करा, पण वाचून असा संताप आला की तुमचं पत्र मी टेबलावर आपटलं. झेरॉक्स सोबत आहे. पाणी अडतीस अंश होतं. थंडीत तीसच्या वर जात नाही, पण यंदाचा मे तुम्हीही पाहताय. आता सोडवा गणितं.

बोटं हलतात, पण मिटत नाहीत. तो घरी आलाय. कामावरून काढलेलं नाही अजून, पण निलंबित आहे. जूनच्या मध्यावर फत्तेसिंहराव अहवाल वर पाठवणार. त्यात 'ऑपरेटरची चूक' असं गेलं की संपलं. नंदेसरीत असा शिक्का बसलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही. एक कारखाना नाही म्हणाला की सगळे नाही म्हणतात.

काल संध्याकाळी मोहना आमच्याकडे आली होती. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "ताई, यांनी दोनदा केलं होतं गणित. पाणी गरम होतं म्हणून मुद्दाम दोनदा केलं." मी म्हटलं, "मोहना, कॉम्प्युटर चुकत नाही." ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "नसेल चुकत. पण हे खोटं बोलत नाहीत." आणि चप्पल घालून गेली.

आता सकाळी बसच्या कोपऱ्यावर मी एकटीच असते. त्यांच्या सोसायटीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्यात.

उत्कर्षा


हरणी, बडोदे
४ जून २०२४

काका,

आठ दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. रागावलात का? मी तोडून लिहिलं, चुकलं माझं. आई म्हणते पोस्टाचा घोळ असेल. शेजारच्यांना फोन केला तर म्हणाले, मास्तर ठीक आहेत, पण दार उघडत नाहीत, जेवणाचा डबा तसाच परत जातो.

काय झालंय? मला तुमच्याशिवाय कोणाशी बोलता येत नाही, आणि तुम्हीच गप्प बसलात तर मी काय करू?

उत्कर्षा


डभोई
६ जून २०२४

चि. उत्कर्षा,

झेरॉक्स आली त्याच दुपारी गणित झालं होतं. तुला लिहिण्याचं धाडस होत नव्हतं.

धैर्यशील बरोबर आहे.

कागदावरच्या सूत्रात अडतीस घाल आणि हाताने सोडव. साडेतीनच तास येतात. मी वरून खाली केलं, खालून वर केलं, ताळा करून पाहिला. साडेतीनच. आणि तुझा कॉम्प्युटर पाच म्हणतो, तोही बरोबर आहे. चुकलेला तिसराच आहे, आणि तो डभोईत बसून हे पत्र लिहितोय.

तुझं सूत्र एका ओळीत मावत नव्हतं. गुजराती शब्द घातल्यावर तर ते आणखीच पसरलं. काम पाठवताना तू लिहिलं होतंस, पाणी अठ्ठावीस-तीस अंश असतं. तीस घालून पाहिलं तर एक पद जवळजवळ शून्य येत होतं, असून नसल्यासारखं. मी प्रिंटरला शिकवलं, असं नगण्य पद छापूच नकोस. ते गेलं आणि सूत्र एका ओळीत आलं. इतकं देखणं आलं, उत्कर्षा, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हेच ते माझं गुपित. तुला न सांगितलेलं.

छापायचं तेवढं गाळलं. पोटातल्या सूत्रात ते पद होतंच. म्हणून आकडा घालून उत्तर मागितलंस की कॉम्प्युटर ते पद धरून उत्तर देतो, आणि सूत्र दाखव म्हटलंस की माझ्या रीतीने ते लपवून दाखवतो. कागदावरही आणि पडद्यावरही. तुम्ही दोन्ही शेजारी धरून ताडून पाहिलेत, पण दोन्हीकडे माझाच हात फिरलेला. थंडीत त्या पदाने कोणाचं काही बिघडवलं नाही. पाणी तापलं तसं ते वाढत गेलं. ते दीड तास आणखी थांब म्हणत होतं, आणि त्या बिचाऱ्याच्या कागदावर ते नव्हतंच.

आधी मला तुमच्या समितीचा राग आला. एवढी शिकलेली माणसं, एकालाही त्या कागदावरून हाताने करून पाहावंसं वाटलं नाही? मग माझं मलाच हसू आलं, रडण्यासारखं. 'ताळा केल्याशिवाय वही देऊ नका' असं पोरांना ओरडून सांगणारा मी. छापून आलेलं सूत्र इतकं सुंदर दिसलं की त्यात उन्हाळ्याचा एक आकडा घालून बघण्याची बुद्धी मला झाली नाही.

आता पुढचं. मी समितीला लिहीन. पण माझं नाव आलं की विचारणार, सूत्र बाहेर गेलंच कसं? आणि तुझी नोकरी जाईल. तुझ्यासाठी इतके दिवस गप्प बसलो असं लिहिणार होतो. ते अर्धंच खरं आहे. या गावात अजूनही भाजीवाला मला 'सर' म्हणून वाकतो, आणि मला भीती वाटली.

म्हणून एक सुचवतो. सगळी पदं छापणारा नवा प्रिंटर ईमेलने पाठवलाय. तू कागद गुपचूप बदल. आणि फत्तेसिंहरावांना विनवणी कर की धैर्यशीलचं चुकलं असेल, पण जुना माणूस आहे, सांभाळून घ्या. त्याची नोकरी राहील, तुझीही राहील. पाहा पटतं का.

काका


हरणी, बडोदे
१२ जून २०२४

काका,

पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं.

सोमवारी मी कागद बदलला. नवा पाच ओळींचा, बोर्डाच्या बाहेर लोंबतोय. कोणी विचारलं नाही. मग फत्तेसिंहरावांकडे गेले आणि तुम्ही लिहिलं होतं तसंच बोलले. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मलाही घर आहे, बेन. 'चूक माझी झाली' असं धैर्यशीलने लिहून द्यावं. ठेवून घेऊ." माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे मजकूर टाइप केला, चार वाक्यांचा. फक्त सही घ्यायची होती.

काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. उजव्या हाताला बँडेज, मानेवर मलम, पंख्याखाली बसला होता. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बसा. कागद पुढे केला आणि सांगितलं, एवढी सही केलीत की कामावर घेतील. मोहना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

त्याने कागद वाचला. म्हणाला, "करतो सही. डाव्या हाताने करावी लागेल. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल.

मग म्हणाला, "पण ताई, आधी मला माझं कुठे चुकलं ते दाखवा. तुम्ही म्हणताय म्हणजे चुकलंच असेल. मी आडवा पडल्या पडल्या आकडे सांगतो, मोहना कॅल्क्युलेटर दाबते. रोज करतो. मला सापडतच नाही. आणि काय चुकलं ते कळल्याशिवाय परत त्या टाकीपुढे उभं राहायची मला भीती वाटते. तेच परत केलं तर? बाजूला पोरं असतात."

काका, तो आपलं म्हणणं सोडून बसला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पटवलं होतं की त्याला साधं गणित येत नाही.

मी तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि फाडला. म्हटलं, तुमचं कुठेच चुकलं नाही. कागद चुकीचा होता. आणि सगळं सांगितलं. तुमचं नाव, माझी चोरी, गाळलेलं पद, सोमवारी बदललेला कागद, सगळं. वाटलं तो शिव्या देईल. तो मान वळवायला गेला, ती वळेना, म्हणून तसाच समोर बघत म्हणाला, "मोहना, ऐकलंस ना?"

ती म्हणाली, "मला काय ऐकवता? मी कधी म्हटलं होतं तुमचं चुकलं?" आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आज सकाळी मी जुना कागद घेऊन फत्तेसिंहरावांपुढे उभी राहिले. त्यांना हाताने गणित करायला लावलं. साडेतीन आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पेन खाली ठेवलं. धैर्यशीलवरचा ठपका काढणार आहेत, अहवाल नवा लिहिणार आहेत. माझा राजीनामा दुपारीच मागितला. मी दिला. त्यांचं काही चुकलं नाही.

सोमवारी तुम्हाला जबाबाला बोलावतील. या. वहीत लिहून आणा, म्हणजे त्यांना ओरडावं लागणार नाही. मला वाचवायला काही झाकू नका.

आणखी एक. 'गुपचूप' हा शब्द तुम्ही लिहिलात. लहानपणी तुमच्या घरी उत्तर खोडून दुसरं लिहिलं तर तुम्ही पाटी काढून घ्यायचात. तुम्ही हे लिहू शकता हे मला माहीत नव्हतं. आणि मी तसं करू शकते हेही. काही दिवस मला पत्र लिहू नका, काका. मला जमेल तेव्हा मी लिहीन.

उत्कर्षा


डभोई
२१ ऑक्टोबर २०२४

चि. उत्कर्षा,

लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहिलं नाही. दसऱ्यालाही नाही. वहिनींच्या पत्रातून कळलं की तू क्लासमध्ये पोरांना शिकवतेस आणि भरूचला मुलाखती देतेस. हे पत्रही मी माझ्यासाठी लिहीत नाही. निरोप आहे, तो पोचवतो.

काल रविवारी दुपारी दारात धैर्यशील आणि मोहना उभे. बसने आले होते. मला ओळखायला वेळ लागला, कारण जबाबाच्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, खाली मान घालून वाचत होतो. पाया पडायला वाकला. मी म्हटलं, अरे, हे उलटं आहे! पाया मी पडायला हवं. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो हसला. मानेची कातडी ओढली गेली की हसताना त्याला अजून दुखतं.

कामावर घेतलंय त्याला. उजव्या हाताची मूठ पुरती वळत नाही, नळ डाव्याने फिरवतो. मी विचारलं, माझा राग येत नाही का? तो बोलला ते मला ऐकू आलं नाही. मोहनाने कागदावर लिहून दिलं, 'येतो, म्हणून आलोत.' मग दोघं बसली, मी चहा केला. साखर विसरलो. प्यायले तसाच.

फत्तेसिंहरावांनी मला लेखी परवानगी देऊन काम सांगितलं होतं, छापायची रीत पुन्हा नीट करून द्या म्हणून. चार वेळा केली, चार वेळा ताळा केला. आता एकही पद गळत नाही. सूत्र पाच ओळींचं आहे, दिसायला कुरूप आहे आणि त्यासाठी बोर्ड मोठा केलाय. शेवटी मी प्रिंटरला आणखी दोन ओळी छापायला शिकवल्या. 'सूत्र करणाऱ्याने हाताने ताळा केला' आणि पुढे मोकळी जागा. 'टाकीवरच्या माणसाने हाताने ताळा केला' आणि पुढे मोकळी जागा. दोन्ही सह्या झाल्याशिवाय कागद बोर्डावर चढत नाही.

तोच कागद घेऊन ती दोघं आली होती. खालच्या जागेत धैर्यशीलची सही आहे. डाव्या हाताची, पहिलीच्या पोरासारखी वाकडी. वरची जागा मोकळी आहे. कारखान्यातल्या नव्या इंजिनिअरने सही करायला पेन काढलं, तर याने कागद ओढून घेतला म्हणे. फत्तेसिंहरावांपुढे जाऊन म्हणाला, सूत्र ताईंचं आहे. त्यांनी करून पाहिल्याशिवाय मी नळाला हात लावणार नाही. ते चिडले, मग म्हणाले, "जा, घेऊन ये." तुझ्या दारी यायला त्याला संकोच वाटला. त्याच्यामुळे तुझी नोकरी गेली असं त्याला वाटतं. वेडा आहे.

म्हणून कागद माझ्याकडे देऊन गेला. सोबत पाठवतोय. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण हा कागद त्याला परत कर. टाकी बंद ठेवून तो थांबलाय.

वरच्या जागेत सही कर. पण आधी हाताने करून पाहा.

विश्वंभरकाका